तापलेला ट्रॅक्टर आणि थंड डोके



आम्ही डहाणू-तलासरीकडचे. तुमचा मुलूख कापूस-ज्वारीचा, कोरडवाहू. आमचा भाताचा, गवताचा आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात चिकूच्या वाड्यांचा. तुम्ही पावसाची वाट पाहता, आम्ही उघडिपीची. पिकापाण्याच्या गोष्टी काढल्या तर तुमचे-आमचे फारसे जुळायचे नाही. पण जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघू द्या, दहा मिनिटांत हिशेब जुळतो. तुमचा ट्रॅक्टर मे महिन्यात नांगरटीला तापतो, आमचा जुलैत चिखलणीला तापतो. तुमच्या रेडिएटरमध्ये ज्वारीचे भुसकट बसते, आमच्या रेडिएटरमध्ये गवताचे कुसळ. मग दोघांचाही ट्रॅक्टर ऐन हंगामात बांधावर उभा राहतो आणि दोघांनाही एकच सल्ला मिळतो, ‘इंजिन बसले, विकून टाका.’

हा सल्ला बऱ्याच वेळा चुकीचा असतो आणि त्याची किंमत शेतकऱ्याने का मोजावी, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

आमच्या पाड्यावर घडलेले

तलासरी तालुक्यातल्या आमच्या एका पाड्यावर एका भावाने पस्तीस हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर घेतला होता. काही रक्कम घरची, बाकी खाजगी कर्जाची. पावसाळ्यात लोखंडी चाके लावून चिखलणीची भाड्याची कामे, दिवाळीनंतर गवताच्या गठ्ठ्यांची वाहतूक, उन्हाळ्यात विटा-मातीच्या खेपा. हप्ता फिटत होता.

एका जुलैत ट्रॅक्टर तापायला लागला. तासभर चिखलणी केली की टोपीतून वाफ. पाणी घालायचे, थांबायचे, पुन्हा चालवायचे. चार दिवसांनी गावातल्या मिस्त्रीला बोलावले. त्याने इंजिनाचा आवाज ऐकला, मान हलवली आणि हेड उतरवायला सांगितले. मग शहरातले गॅरेज. तिथे सांगितले की इंजिनाचे पुरे काम निघेल, त्यापेक्षा बदल्यात द्या आणि नवा घ्या. आवणी तोंडावर आलेली, भाड्याची कामे हातची जाणारी, हप्ता थकलेला. भावाने पडेल त्या किमतीला ट्रॅक्टर दिला.

त्या व्यवहाराला आम्ही हजर होतो. आम्हीही मान डोलावली. आमच्यापैकी एकालाही विचारावेसे वाटले नाही की बाबा, रेडिएटरची जाळी कोणी काढून पाहिली का?

ज्याने तो ट्रॅक्टर घेतला त्याने पाहिली. रेडिएटरच्या पानांत कुसळ आणि चिखल बसून वीट झाली होती. फॅनचा पट्टा ढिला होता. टोपीचे रबर कडक होऊन चिरले होते. त्याने रेडिएटर धुतला, पट्टा आणि टोपी बदलली. हेड उतरवायची वेळ आली नाही. तो ट्रॅक्टर आजही चालतो. आणि आमचा तो भाऊ आज तासाचे भाडे देऊन आपल्याच जुन्या ट्रॅक्टरकडून चिखलणी करून घेतो.

ही लाज आमची आहे. म्हणून हा लेख आम्ही मिस्त्रीला शिव्या देण्यासाठी लिहीत नाही. आधी आम्ही स्वतः शिकलो आणि जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

डिझेलचे तीन वाटे

इंजिनात जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाकाला आणि पीटीओला कामासाठी मिळतो. एक वाटा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो. तिसरा वाटा इंजिनाच्या लोखंडात मुरतो, तो पाण्याने उचलून बाहेर टाकायचा असतो. पंप पाणी फिरवतो, पाणी लायनर आणि हेडभोवती तापते, वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या पाईपने परत जाते. या फेऱ्यात कुठेही अडले की तिसरा वाटा आत साचतो.

म्हणजे तापण्याची कारणे मोजकीच आहेत. पाणी कमी आहे, पाणी फिरत नाही, वारा लागत नाही, पाण्यावर दाब टिकत नाही, किंवा इंजिनच जरुरीपेक्षा जास्त उष्णता करते आहे. पहिली चार कारणे बहुतेक वेळा स्वस्तातली असतात. पाचव्यात महागाचे काम असू शकते. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की तपासणी महागाच्या टोकापासून सुरू होते. ती उलटी करायची.

(काही जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने वाऱ्यावर थंड होणारी आहेत, त्यांना रेडिएटरच नसतो. तिथे सिलिंडरच्या बाहेरची पाने आणि वारा नेणारा पत्रा साफ आहे का, हाच पहिला प्रश्न.)

आधी विचारा : कधी तापतो?

पान्हा हातात घेण्यापूर्वी हा प्रश्न विचारा. निम्मे निदान इथेच होते.

थंड इंजिन चालू केल्यापासून पाच-दहा मिनिटांत तापत असेल तर पाणी फारच कमी आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पंप पाणी फिरवत नाही किंवा हेड गॅस्केट गेले आहे.

रिकामा चालवताना ठीक, पण नांगराला किंवा चिखलणीला घातला की तासाभराने तापत असेल तर रेडिएटर अर्धवट बुजला आहे. बाहेरून भुसकटाने किंवा आतून क्षाराने. फॅनचा पट्टा भाराखाली घसरत असला तरी असेच होते.

एका जागी उभा राहून मळणी यंत्र चालवताना तापत असेल तर वाऱ्याची दिशा पाहा. मळणीचे भूस रेडिएटरकडे येत असेल तर दोन तासांत जाळी भरते. ट्रॅक्टर वाऱ्याच्या अंगाला उभा करा, एवढ्याने भागू शकते.

दिवसभर नीट चालला आणि बंद केल्यावर पाच मिनिटांनी उसळला, तर कदाचित काहीच बिघडलेले नाही. भारी कामावरून एकदम इंजिन बंद केले की पंप थांबतो, पण लोखंडातली उष्णता थांबत नाही. काम संपल्यावर तीन-चार मिनिटे रिकामा चालू ठेवावा, मग बंद करावा.

आणि काटा तापल्याचे दाखवतो पण वाफ नाही, वास नाही, पाणी कमी झालेले नाही, तर काट्याचाच दोष असू शकतो. उलटही खरे. जुन्या ट्रॅक्टरवर काटा मेलेला असतो आणि चालक त्याच्या भरवशावर निर्धास्त असतो. काटा दुरुस्त करणे हा चैनीचा खर्च नव्हे.

तपासणीचा क्रम

पहिली गोष्ट, गरम रेडिएटरची टोपी उघडू नका. पाणी दाबाखाली असते. साधारण अर्धा किलोचा दाब टोपी धरून ठेवत असेल तर पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे एकशे दहा अंशांना उकळते. टोपी फिरवली की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. अशा भाजण्याच्या खुणा अंगावर असलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. अर्धा तास थांबा, मग जाड गोणपाट टाकून हळूच उघडा. लहान मुलांना जवळ उभे करू नका.

दुसरी, पाणी पाहा. पातळी वरच्या टाकीत नळ्या बुडतील एवढी तरी हवी. रंग लाल-तांबूस असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर मामला गंभीर. लगेच इंजिन ऑईलची पट्टी ओढून पाहा. ऑईल दूध घातलेल्या चहासारखे दिसले किंवा पातळी आपोआप वाढलेली असली, तर पाणी ऑईलमध्ये जाते आहे. अशा वेळी ट्रॅक्टर चालवू नका. गॅस्केट, हेडची चीर किंवा लायनरच्या खालच्या रबरी रिंगा, यांपैकी काहीतरी गेले आहे आणि इथे मिस्त्री लागणारच.

तिसरी, टोपी. तिला दोन झडपा असतात. एक दाब वाढला की बाहेर सोडते, दुसरी इंजिन थंड होताना हवा किंवा पाणी आत घेते. रबर चिरले किंवा स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. आत घेणारी झडप चिकटली तर इंजिन थंड झाल्यावर होज पाईप चपटा झालेला दिसतो. टोपी बदलणे हा साऱ्या दुरुस्तीतला सर्वात स्वस्त उपाय, आणि सर्वात शेवटी आठवणारा. बदलताना मूळ दाबाचीच घ्या. जास्त दाबाची टोपी जुना रेडिएटर फोडते.

चौथी, रेडिएटरचे तोंड. पुढची जाळी काढा. इंजिन चालू ठेवून रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. हात पंख्यापासून लांब. वारा नीट ओढला जात असेल तर कागद चिकटून राहतो. जिथे चिकटत नाही तिथे बुजलेले आहे. धुताना इंजिन बंद करून पंख्याच्या बाजूने पुढे पाणी मारा, म्हणजे भुसकट आले त्या वाटेने बाहेर जाईल. समोरून मारले तर ते आणखी आत ठासते. पाण्याचा जोर बेताचा ठेवा, नाहीतर पाने वाकतात आणि वारा कायमचा अडतो. मळणीच्या, पऱ्हाटी बारीक करण्याच्या आणि आमच्या गवताच्या हंगामात हे काम रोज सकाळी करायचे, जनावरांचा गोठा साफ करतो तसे.

पाचवी, फॅनचा पट्टा. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा. जास्त दबला तर ढिला. अजिबात दबत नसेल तर ताण जास्त, मग पंपाचे बेअरिंग जाते. पट्ट्याच्या कडा आरशासारख्या चकाकत असतील तर तो घसरतो आहे, नवा घाला.

सहावी, पंप. पंपाच्या अंगाला खाली एक लहान भोक असते. त्यातून पाणी ठिबकत असेल तर आतले सील गेले. ते भोक लाकडाची खुंटी मारून बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. पाणी मग बेअरिंगमध्ये जाते. इंजिन बंद असताना पंखा हाताने पुढे-मागे हलवून पाहा, खडखड असेल तर बेअरिंग गेले.

सातवी, रेडिएटरची आतली बाजू. ट्रॅक्टर चांगला तापवून बंद करा आणि रेडिएटरवरून हात फिरवा, बेताने. वरून खाली हळूहळू निवत गेलेला लागला पाहिजे. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बुजल्या आहेत. पक्की खात्री करायची तर इंजिन थंड झाल्यावर दोन्ही पाईप सोडा आणि वरून बादलीभर पाणी ओता. धो-धो खाली आले तर रेडिएटर मोकळा. वर तुंबून ठिबकत आले तर बुजलेला. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर असतील तर कारागीर टाकी सोडवून नळ्यांत सळई घालून साफ करतात आणि टाकी पुन्हा झाळतात. म्हणून नवा घेण्याआधी चौकशी करा.

आठवी, गॅस्केट. हे शेवटी. थंड इंजिनाची टोपी उघडी ठेवून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा टोपी लावून एक-दोन मिनिटांतच, म्हणजे पाणी तापण्याआधीच, वरचा पाईप फुगून कडक झाला, तर सिलिंडरची हवा पाण्यात शिरते आहे. मग हेड उतरवणे भाग आहे. पण आधीच्या सात पायऱ्या झाल्यावर.

एवढे सगळे ठीक निघाले आणि तरी तापतो, तर इंजिनच जास्त उष्णता करते आहे. ऑईल कमी आहे का, ब्रेक धरून राहतात का, सायलेन्सर कोंडला आहे का, डिझेल पंपाचे टायमिंग बिघडले आहे का, की पस्तीसच्या ट्रॅक्टरला पन्नासचे अवजार लावले आहे?

तीन वाईट सवयी

पहिली सवय थर्मोस्टॅट काढून फेकण्याची. ‘तापतो ना, मग ती चकतीच काढा’ असा सल्ला सर्रास मिळतो. ही झडप साधारण ऐंशी अंशांच्या पुढे उघडते, तोवर पाणी इंजिनातच फिरवते आणि इंजिनाला कामाच्या उष्णतेवर आणते. ती काढली की इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त पिते, न जळलेले डिझेल लायनरवरून ऑईलमध्ये उतरते आणि लायनर झिजतात. शिवाय काही इंजिनांत ती नसली की पाणी जवळच्या आडवाटेने परत फिरते, रेडिएटरपर्यंत पुरेसे जातच नाही, आणि जो तापू नये म्हणून हे केले तोच जास्त तापतो. झडपेची परीक्षा घरच्या चुलीवर होते. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगा आणि पाणी तापवा. पाणी उकळीला येण्याआधी उघडली आणि थंड झाल्यावर मिटली तर चांगली. नाहीतर नवी घाला. नुसती काढू नका.

दुसरी सवय हळदीची. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की गळती थांबते, हे खरे आहे. रानातून घरी येण्यापुरता हा उपाय आम्हीही केला आहे. पण जी हळद भोक बुजवते तीच बारीक नळ्याही बुजवते. घरी आल्यावर रेडिएटर झाळून घ्यायचा आणि आतून धुवायचा. तीन वर्षे दर महिन्याला हळद टाकणारा शेवटी रेडिएटरचे लोणचे घालतो.

तिसरी सवय मिळेल ते पाणी ओतण्याची. ओढ्याचे, बोअरचे, डबक्याचे. खडकातले पाणी जड असते. चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर धरतो तसा तो हेडच्या आत आणि नळ्यांत धरतो. तुमच्यापैकी जे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले आहेत त्यांना हे सांगायची गरज नाही. जे पाणी पिकाला आणि पोटाला चालत नाही ते इंजिनाला कसे चालेल? आमच्याकडे पाऊस उदंड. चार-पाच सरींनी पत्रे धुऊन निघाले की त्यानंतरचे पागोळीचे पाणी आम्ही गाळून कॅनमध्ये भरून ठेवतो. तुमच्याकडे पाऊस थोडा, पण दोन कॅन भरण्याइतका नक्कीच पडतो. या पाण्यात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कुलंट मिसळा. कुलंट थंडीच्या मुलखातल्यांसाठीच असते असा समज आहे, तो बरोबर नाही. ते गंज रोखते, उकळण्याचा अंश वाढवते आणि लायनरच्या बाहेरच्या अंगाला खड्डे पडू देत नाही.

आणि एक पथ्य. उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखे होते, हेडला चीर जाते. तापलेला दिसला की भार सोडा आणि रिकामा चालू ठेवा. पाणी निघूनच गेले असेल तर मात्र लगेच बंद करा आणि थांबा. पाणी नसलेल्या इंजिनाची पाच मिनिटे आणि वर्षभराचा नफा, यांत फारसे अंतर नसते.

नव्याला मान, जुन्याला दंड

आता मुद्द्याचे बोलू. हे सारे शेतकऱ्याला माहीत का नसते? तो आळशी आहे म्हणून? ज्याला नक्षत्रांवरून पाऊस कळतो आणि बोंडावरून अळी कळते, त्याला पट्टा ढिला असल्याचे कळू शकत नाही?

आमचे म्हणणे असे की गेली कित्येक वर्षे साऱ्या व्यवस्थेचे तोंड नव्या ट्रॅक्टरकडे वळलेले आहे. अनुदान नव्याला. २०१४-१५ पासून केंद्राचे कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान चालू झाले, त्यात नवी यंत्रे घ्यायला पैसा आहे. जुन्याच्या रेडिएटरला नाही. कर्ज नव्याला, जाहिरात नव्याची, शेतकरी मेळाव्यातला मांडव नव्याचा.

कराचेच पाहा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के ठरला. ट्रॅक्टरच्या खास सुट्या भागांवर तर आधी २८ टक्के लावायचे घाटत होते. ओरड झाली तेव्हा आदल्या दिवशी ते १८ टक्क्यांवर आणले. म्हणजे नवा घेणाऱ्याला १२ आणि जुना दुरुस्त करणाऱ्याला १८. व्यापारी आपला कर पुढच्या बिलात वळता करून घेतो. शेतकऱ्याचा कर त्याच्या खिशातूनच जातो, कारण कापसाच्या बिलात रेडिएटरचा कर मिळवायची सोय त्याला नाही. आठ वर्षांहून अधिक काळ हे चालले. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवा ट्रॅक्टर आणि रेडिएटरसह त्याचे बरेचसे सुटे भाग ५ टक्क्यांवर आले. चांगले झाले. पण त्या आठ वर्षांत ज्याने दुरुस्तीचे बिल पाहून ट्रॅक्टर विकला, त्याचा ट्रॅक्टर परत आला नाही. आता सुटा भाग घेताना पक्के बिल मागा आणि दुकानदार कोणत्या दराने कर लावतो ते वाचा.

पुढे काय वाढून ठेवले आहे तेही पाहिले पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. धूर कमी झाला तर आमचे काही म्हणणे नाही. पण बिघाड कोणता हे ज्या यंत्राला विचारायचे ते यंत्र कंपनीच्याच हाती असेल तर शेतकरी कायमचा बांधला गेला. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी याच प्रश्नावर वर्षानुवर्षे झगडा केला आणि २०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. तो २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारे धरली. समितीने थांबून चालणार नाही, हक्क कायद्यात उतरला पाहिजे.

तंत्रज्ञान वापरण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, हे चळवळ जुन्या काळापासून सांगत आली आहे. त्या स्वातंत्र्यात यंत्र उघडून पाहण्याचे स्वातंत्र्यही येते. जे उघडता येत नाही ते आपल्या दारात उभे असले तरी आपले नाही.

कोणी म्हणेल, जुन्या ट्रॅक्टरला किती दिवस धरून बसायचे? रास्त प्रश्न आहे. हेडला चीर गेली, लायनर झिजले, गिअरबॉक्स बोलायला लागला, सुटे भाग मिळेनासे झाले, तर विकावाच लागतो आणि विकावा. आमचा आग्रह जुन्याचा नाही, हिशेबाचा आहे. २०२५-२६ सालासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर झाला. तोही हातात पडला तर. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेर कापसाच्या आयातीवरचे शुल्क माफ होते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा भावात नव्या ट्रॅक्टरचा हप्ता म्हणजे वर्षाचे किती क्विंटल, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाटीवर मांडावे. मग ठरवावे की टोपी बदलायची की ट्रॅक्टर.

मिस्त्रीबद्दलही दोन शब्द. तो आमचा वैरी नाही. तोही बहुधा शेतकऱ्याचाच पोरगा, कोणाच्या तरी हाताखाली काळे हात करून शिकलेला. त्याला धड शिकवणारे कोणी नव्हते, आम्हाला विचारणारे कोणी नव्हते. विचारणारे गिऱ्हाईक भेटले की मिस्त्रीही सुधारतो. एवढेच म्हणायचे, ‘भाऊ, हेड उतरव, पण आधी कागद लावून दाखव, टोपी दाखव, बुडबुडे दाखव.’

शाळा बांधावर आणा

आमच्या डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणून ती ओळखली गेली. शिकणारा येत नसेल तर शिकवणाऱ्याने उठावे, हा त्यामागचा साधा विचार.

याच भागात २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली बांधव जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात होते. वेठ करणार नाही, असे तिथे ठरले. त्यांचा झेंडा कोणता होता आणि आमचा कोणता, हा वाद इथे नको. आम्ही त्यातून एवढेच घेतो की किती कर्ज, किती फेड, किती मजुरी, याचा हिशेब सावकाराच्या वहीत होता आणि वही वाचता न येणाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्या वेठ होती. आज वही बदलली आहे. गॅरेजचे बिल आणि फायनान्सचा करार हीही वहीच आहे. ती वाचता आली पाहिजे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या सूचना अशा. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने उन्हाळी नांगरटीआधी एक आणि मळणीच्या हंगामाआधी एक, असे दोन दिवस गावात येऊन जुन्या ट्रॅक्टरांची तपासणी शिकवावी. आमच्याकडे कोसबाडच्या टेकडीवर असे केंद्र १९७६ पासून आहे, तुमच्याही जिल्ह्यात आहे. त्यांना लेखी मागणी द्या. दुसरे, यंत्राच्या अनुदानात दुरुस्तीला जागा नसेल तर निदान दुरुस्तीवर जादा कर नसावा आणि सुटे भाग व माहितीपुस्तके ट्रॅक्टर विकल्यानंतर ठरावीक वर्षे मिळण्याची सक्ती असावी. तिसरे, सरकारची वाट न पाहता करण्याजोगे. प्रत्येक गावात चार ट्रॅक्टरवाले मिळून दाब मोजायचा हातपंप, चांगला उष्णतामापक आणि पान्ह्यांचा एक संच ठेवा. बैठकीच्या दिवशी भाषणे संपल्यावर मैदानातला एक ट्रॅक्टर उघडा आणि आठही पायऱ्या सर्वांसमोर करून पाहा. बायका आणि तरुण मुलींनाही पुढे बोलवा. ट्रॅक्टर बांधावर बंद पडतो तेव्हा घरी तीच असते.

आम्ही सूट मागत नाही, सबसिडी मागत नाही. आमच्या घामाचे दाम आणि आमच्या यंत्राची चावी आमच्या हाती असावी, एवढेच मागतो. आमच्या पाड्यावरचा तो ट्रॅक्टर गेला. उद्या तुमच्या गावातल्या कोणाच्या ट्रॅक्टरमधून वाफ निघाली, तर चारचौघांत मान डोलावण्याआधी एकाने तरी पुढे होऊन म्हणावे, ‘थांबा, आधी जाळी काढून पाहू.’